विश्लेषण : हल्लेखोराचा हात पिरगळला, पुढे काय? स्वसंरक्षणातील ‘सांध्याचे कुलूप’ किती भरवशाचे?

नागपूर-वर्धा लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) येथून शिक्षण आणि नोकरीसाठी रेल्वेने ये-जा करणाऱ्यांत तरुणींची संख्या मोठी आहे. पहाटेची गाडी, रात्रीचा परतीचा प्रवास, फलाटावरून घरापर्यंतचा अंधारा रस्ता, हे अनेकींच्या रोजच्या वाट्याचे. त्यामुळे शाळा-महाविद्यालयांत स्वसंरक्षणाचे शिबिर लागले की पालक मुलींची नावे आवर्जून नोंदवतात. अशा शिबिरांत आणि मोबाइलवरच्या रील्समध्ये हमखास दिसणारा एक प्रकार म्हणजे हल्लेखोराचे मनगट पकडून, हात पिरगळून त्याला गुडघ्यावर आणणे. मार्शल आर्टच्या भाषेत हे ‘जॉइंट लॉक’, म्हणजे सांध्याचे कुलूप.

पाहायला सोपे वाटणारे हे तंत्र प्रत्यक्ष प्रसंगात कितपत चालते? त्यात हल्लेखोराचा हात मोडला तर कायदा कोणाच्या बाजूने उभा राहतो? आणि पकडलेल्या माणसाला किती वेळ, कसे धरून ठेवायचे? याविषयी...

सांध्याचे कुलूप म्हणजे नेमके काय?

शरीरातील प्रत्येक सांध्याची हालचाल ठरलेल्या दिशेने आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंतच होते. कोपर दाराच्या बिजागरीसारखे एकाच दिशेने वाकते. मनगट पुढे-मागे आणि थोडे आजूबाजूला वळते. खांदा सर्वांत मोकळा, जवळपास सर्व दिशांना फिरणारा. पण त्यामुळेच मोठ्या सांध्यांपैकी सर्वाधिक वेळा निखळणाराही तोच.

समोरच्याचा सांधा या मर्यादेच्या टोकापर्यंत नेऊन तिथेच रोखणे म्हणजे कुलूप लावणे. आणखी जोर दिला तर सांध्याभोवतीचे अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, ताणले जातात, फाटतात किंवा सांधा निखळतो. वेदना टाळण्यासाठी माणूस आपोआप त्या दिशेने झुकतो, खाली बसतो. हल्लेखोराला न मारता ताब्यात आणता येते, असे जे सांगितले जाते त्याचा आधार हा आहे. जपानी जुजुत्सू, जुडो आणि आयकिदोमध्ये या तंत्राचा पद्धतशीर अभ्यास आहे. जगभरातील पोलिसांच्या प्रशिक्षणातही मनगट, कोपर आणि खांद्याची कुलपे शिकवली जातात.

त्यामागचे गणित काय?

हे सारे तरफेच्या तत्त्वावर चालते. कोपरापासून मनगटापर्यंतचे अंतर साधारण २५ सेंटीमीटर धरू. हल्लेखोराचा हात सरळ ताणलेला आहे आणि कोपर एका जागी रोखून मनगटावर उलट दिशेने १० किलोचा जोर लावला आहे. कोपर वाकवणारा दंडाचा मुख्य स्नायू सांध्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटरवर हाडाला जोडलेला असतो. म्हणजे तो १० किलोचा जोर थोपवायला त्या स्नायूला सुमारे ५० किलोची ओढ द्यावी लागते. कमी ताकदीचा माणूस जास्त ताकदीच्या माणसाला रोखू शकतो तो या पाचपटीमुळे.

मात्र गणितात एक अट दडलेली आहे. कोपर ‘एका जागी रोखलेले’ हवे. हल्लेखोराने कोपर किंचित वाकवले, खांदा फिरवला किंवा एक पाऊल पुढे टाकले की तरफेचा टेकू सुटतो आणि पाचपटीचा फायदाही. उरतो तो ताकदीचा आणि वजनाचा सरळ सामना.

महाराष्ट्राला हे तंत्र नवे आहे का?

मुळीच नाही. मल्लविद्येत कुस्तीचे भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी असे चार प्रकार मानले जातात. त्यातील जांबुवंती कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचे हातपाय अडकवून, जखडून त्याला शरण आणण्यावर भर असतो. आजच्या ऑलिम्पिक कुस्तीत मात्र प्रतिस्पर्ध्याची बोटे पिरगळणे किंवा हात मर्यादेपलीकडे मुरगाळणे नियमबाह्य आहे. जुडोच्या स्पर्धेत फक्त कोपराच्या सांध्यावर कुलूप लावण्याची मुभा आहे. सांध्याला होणारी इजा लवकर होते आणि बरी व्हायला महिनोन्महिने लागतात, हे खेळाच्या नियमांनी केव्हाच मान्य केले आहे.

विदर्भापुरते बोलायचे तर अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून देशी व्यायामप्रकार आणि युद्धकलांचे शिक्षण दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. त्याच वर्षी विजयादशमीला लक्ष्मीबाई केळकर यांनी वर्ध्यात राष्ट्र सेविका समिती स्थापन केली. स्त्रियांना शारीरिक शिक्षण आणि स्वसंरक्षण हे तिच्या कामाचे एक अंग होते. वर्ध्यापासून जवळच असलेल्या सेवाग्राममध्ये राहणारे महात्मा गांधी यांनीही मार्च १९४२ मध्ये ‘हरिजन’मध्ये याच विषयावर लिहिले. हल्ला झालेल्या स्त्रीने त्या क्षणी हिंसा-अहिंसेचा विचार करत बसू नये, स्वतःला वाचवणे हे तिचे पहिले कर्तव्य, आणि त्यासाठी नखे-दातांसह जे सुचेल ते वापरावे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. विचारसरणी टोकाच्या वेगळ्या असूनही स्त्रीच्या प्रतिकाराच्या हक्काबाबत वर्धा जिल्ह्यातील या दोन प्रवाहांत मतभेद नव्हता.

शिबिरात जमते, मग रस्त्यावर का फसते?

कारण शिबिरातील ‘हल्लेखोर’ सहकार्य करतो. तो ठरलेल्या हाताने, ठरल्या वेगाने मनगट धरतो आणि दुखण्याआधीच खाली बसतो. खरा हल्लेखोर एका जागी उभा राहत नाही. तो ओढतो, ढकलतो, दुसऱ्या हाताने मारतो. अनेकदा तो एकटाही नसतो.

दुसरे कारण वेदनेचे. मनगट किंवा बोटांची कुलपे मुख्यतः वेदनेवर चालतात. दारू किंवा अन्य नशेत असलेल्या, संतापाने बेभान झालेल्या माणसाला त्या क्षणी वेदना कमी जाणवते. काहींचे सांधे मुळातच जास्त लवचीक असतात. घामाने निसटणारे मनगट, थंडीतील जाड स्वेटर, वजनातील २०-३० किलोंचा फरक, यातील कोणतीही एक गोष्ट डाव उधळायला पुरेशी आहे.

तिसरे कारण घाबरलेल्या शरीराचे. भीतीने हृदयाचे ठोके वाढले की बोटांची बारीक हालचाल बिघडते. ढकलणे, ओरडणे, पळणे अशा ढोबळ हालचाली मात्र जमतात. मनगट नेमक्या कोनात वळवणे ही बारीक हालचाल आहे. ती अंगवळणी पडायला प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराबरोबर महिनोन्महिने सराव लागतो. आखाड्यातला पहिलवान एकेक डाव वर्षानुवर्षे का घोटतो, याचे उत्तर यातच आहे.

सरकारी योजनांत वेळ किती मिळतो?

‘समग्र शिक्षा’अंतर्गत राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षणात सरकारी शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिने प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यासाठी शाळेला महिन्याला ५ हजार रुपये, म्हणजे एकूण १५ हजार रुपये मिळतात. राज्यात जुलै २०२३ मध्ये राजमाता जिजाऊ यांच्या नावाने युवतींसाठी स्वसंरक्षण प्रशिक्षणाचा अल्प मुदतीचा कार्यक्रम झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये आयटीआयमधील विद्यार्थिनींसाठी ‘हर घर दुर्गा’ अभियान सुरू करण्यात आले.

हेतूबद्दल वाद नाही. प्रश्न मिळालेल्या वेळेत काय शिकवायचे, हा आहे. काही दिवसांत १५-२० डाव दाखवले तर समारोपाचे प्रात्यक्षिक देखणे होते; पण मुलींच्या हाती कच्चे तंत्र आणि पक्का आत्मविश्वास उरतो. हे मिश्रण धोक्याचे आहे. कारण कुलूप लावायचे तर हल्लेखोराच्या आणखी जवळ जावे लागते आणि तिथेच थांबावे लागते. पळण्याची संधी असताना थांबणे हा वाईट सौदा आहे.

मग काय शिकवणे उपयोगी?

सुटका आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. हल्ला झालेल्या व्यक्तीला बहुतेक वेळा सुटका हवी असते. मनगट धरले गेले तर पकडीचा कच्चा भाग अंगठा आणि बोटे जिथे मिळतात तिथे असतो. त्या फटीच्या दिशेने हात झटक्यात वळवून, पूर्ण शरीराचा जोर लावून ओढणे ही थोड्या सरावात जमणारी गोष्ट आहे. त्यासोबत मोठ्याने ओरडणे, अंतर राखणे आणि उजेडाच्या, माणसांच्या दिशेने धावणे.

याला संशोधनाचाही आधार आहे. कॅनडातील तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला १२ तासांचे प्रशिक्षण मिळाले, दुसऱ्या गटाला केवळ माहितीपत्रके. पुढील वर्षभरात बलात्काराला सामोरे जावे लागण्याचे प्रमाण प्रशिक्षित गटात ५.२ टक्के, तर दुसऱ्या गटात ९.८ टक्के आढळले. प्रशिक्षणात शारीरिक प्रतिकार होता. पण तो एक भाग होता. धोका वेळीच ओळखणे, ओळखीच्या माणसाच्या बाबतीत मनात येणारा संकोच बाजूला सारणे आणि ठाम नकार देणे, यावर मोठा भर होता.

हिंगणघाटच्या घटनेने काय दाखवले?

ओळखीच्या माणसाचा मुद्दा वर्धा जिल्ह्याला वेगळा सांगावा लागत नाही. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटमध्ये महाविद्यालयात शिकवायला निघालेल्या तरुणीवर भररस्त्यात पेट्रोल टाकून पेटवण्यात आले. १० फेब्रुवारीला नागपुरातील रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने आरोपीला जन्मठेप सुनावली. तो तिच्याच गावचा होता आणि तिच्या मागावर होता.

अशा हल्ल्यात मनगटाचे किंवा कोपराचे कुठलेही कुलूप कामी येत नाही. बचावाची वेळ असते ती त्याआधी, पाठलाग सुरू असताना. पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांतही बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असल्याचे वर्षानुवर्षे दिसते. स्वसंरक्षणाच्या वर्गात अनोळखी गुंडाचीच कल्पना केली जात असेल, तर खऱ्या धोक्याचा मोठा भाग धड्याबाहेर राहतो.

झटापटीत हल्लेखोराचा हात मोडला तर?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. स्वतःच्याच नव्हे, तर दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठीही तो वापरता येतो. मात्र कलम ३७ नुसार बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते. कलम ४० नुसार धोक्याची रास्त भीती निर्माण होताच हा हक्क सुरू होतो आणि भीती संपताच तोही संपतो.

इथे सांध्याच्या कुलपाचा थेट संबंध येतो. हाड मोडणे किंवा निखळणे हे कलम ११६ नुसार ‘गंभीर दुखापत’ ठरते आणि ती जाणीवपूर्वक केल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हल्ला सुरू असताना सुटण्याच्या झटापटीत खांदा निखळला, तर खासगी बचावाचा आधार घेता येतो. बलात्काराचा प्रयत्न, अपहरण, ॲसिड हल्ला अशा प्रसंगांत तर कलम ३८ नुसार हा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही जातो. पण हल्लेखोर जमिनीवर आला, शरण आला आणि त्यानंतर ‘धडा शिकवायचा’ म्हणून हात मोडला, तर तो बचाव राहत नाही.

जिवावर बेतलेल्या माणसाने प्रतिकार तागडीत तोलून करावा, अशी अपेक्षा न्यायालये ठेवत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शन सिंग प्रकरणात या हक्काची तत्त्वे एकत्र मांडताना हीच भूमिका घेतली. म्हणजे क्षणाच्या घाईला सवलत आहे, सूडाला नाही.

सामान्य माणूस हल्लेखोराला पकडून ठेवू शकतो का?

होय, पण अटींसह. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही व्यक्ती पकडू शकते. विनयभंगासाठी स्त्रीवर बळाचा वापर (न्याय संहितेचे कलम ७४) हा असा गुन्हा आहे. किरकोळ मारहाण मात्र या वर्गात येत नाही. पकडलेल्या व्यक्तीला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करणे बंधनकारक आहे. पळून जाऊ नये यासाठी लागते त्याहून अधिक बंधन घालू नये, असेही हीच संहिता सांगते.

हा पकडण्याचा अधिकार आहे, शिक्षेचा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठार केले. ते भिक्षुकीसाठी आलेले भटक्या जमातीतील लोक होते. गुन्हा डोळ्यांसमोर घडलेला नसताना केवळ संशयावरून कोणाला धरणे कुठवर जाऊ शकते, याचे हे महाराष्ट्रातील उदाहरण आहे.

धरून ठेवताना सर्वांत मोठा धोका कोणता?

श्वासाचा. हात पाठीमागे पिरगळलेला, माणूस पालथा आणि पाठीवर कोणाचा तरी गुडघा, ही पकड पक्की दिसते. पण श्वास घेताना छाती आणि पोट फुगावे लागते. पालथ्या माणसावर वजन पडले की तेच अडते. झटापटीनंतर शरीराला जास्त प्राणवायू हवा असतो, तेव्हाच तो कमी मिळतो. माणूस श्वासासाठी तडफडतो, वरच्यांना तो ‘अजून प्रतिकार करतोय’ असे वाटते आणि दाब आणखी वाढतो.

मे २०२० मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलीस अधिकाऱ्याचा गुडघा नऊ मिनिटांहून अधिक काळ होता. त्या मृत्यूनंतर जगभर पोलिसांच्या पकडीच्या पद्धतींवर चर्चा झाली. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत आरडाओरडा करणाऱ्या एका माणसाला सहप्रवाशाने गळ्याभोवती हात आवळून धरले. त्यात त्याचा मृत्यू झाला. सहप्रवाशावर खटला चालला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्दोष सुटला. रेल्वेच्या डब्यात कोणी गोंधळ घालू लागला तर इथल्या प्रवाशांसमोरही हाच प्रश्न उभा राहू शकतो.

म्हणून नियम सोपा आहे. गळा आणि मान कधीही आवळायची नाही. खाली पाडावे लागलेच तर पकड बसताच छाती-पाठीवरचे वजन काढायचे, माणसाला कुशीवर वळवायचे किंवा बसवायचे आणि त्याचा श्वास सतत पाहायचा. ‘श्वास घेता येत नाही’ असे तो म्हणाला तर ते नाटक समजायचे नाही. सांधा निखळलेला दिसला तर तो बसवायचा प्रयत्न न करता हात आहे त्या स्थितीत आधार देऊन रुग्णालय गाठायचे.

सिंदीसारख्या गावात काय करता येईल?

पहिले, कोणी काय शिकायचे याची वाटणी. शाळकरी मुलींना सुटका, आवाज, धोका ओळखणे आणि तक्रार करणे हे आधी. पकडीची तंत्रे सुरक्षारक्षक, वसतिगृहातील कर्मचारी, एसटीचे वाहक, ग्रामरक्षक दलाचे सदस्य अशांना. कारण धरून ठेवण्याची वेळ त्यांच्यावर येते. तीही एकट्याने नव्हे, दोघा-तिघांनी मिळून. एकाने एक हात, दुसऱ्याने दुसरा धरला की जोर कमी लागतो आणि इजाही कमी होते.

दुसरे, शिबिरात नाव घालण्यापूर्वी पालकांनी चार प्रश्न विचारावेत. सराव किती आठवडे चालणार? जोडीदार प्रतिकार करतो की पडून घेतो? सरावात दुखताच हाताने थाप मारून थांबवायचा इशारा शिकवला जातो का? कायद्याची आणि पाठलागाच्या तक्रारीची माहिती दिली जाते का? वाढत्या वयात हाडांची टोके अजून मऊ असतात, त्यामुळे मुलांच्या सरावात सांध्याला झटका देणारे प्रकार टाळले जातात की नाही, हेही पाहायला हवे.

तिसरे, मदतीचे क्रमांक पाठ हवेत. तातडीच्या मदतीसाठी ११२, रेल्वेत १३९, महिला मदतवाहिनी १८१. फलाटावर किंवा डब्यात एखाद्या मुलीने आवाज दिला तर इतरांनी उठून तिच्या बाजूला उभे राहणे हेदेखील संरक्षणच आहे आणि त्याला कुठलाच डाव शिकावा लागत नाही. पाच प्रवासी उभे राहिले तर मनगट पिरगळण्याची वेळ बहुतेकदा येतच नाही.